दगड 'बेसिक', माती 'आम्ल' : भोर-वेल्ह्याच्या खाचरातून आम्ल-आम्लारी



गेल्या वर्षी मे महिन्यात गावाहून नानांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा फोन आला. मृदा आरोग्य पत्रिका हातात पडली होती. "पोरी, सामू पाच पॉइंट सहा आलाय म्हणं. म्हंजी माती आंबट हाय. शेजारचे म्हणत्यात चुना टाका. किती टाकू ते सांग. तू केमिस्ट्रीतच पीएचडी करतीस न्हवं?"

आमचं गाव वेल्हे तालुक्यात, गुंजवणीच्या खोऱ्यात. भाताची खाचरं आणि वर डोंगराच्या उताराला नाचणी-वरई. मला वाटलं, हे तर अकरावीचं गणित आहे. वही घेतली आणि मांडलं. सामू ५.६, म्हणजे एका लिटर पाण्यात हायड्रोजन आयन साधारण २.५ मायक्रोमोल. एक एकर, वरचा १५ सेंटिमीटरचा थर, म्हणजे अंदाजे ८०० टन माती. त्यात पाणी धरलं २ लाख लिटर. म्हणजे सगळे मिळून हायड्रोजन आयन अर्धा मोल. ते उदासीन करायला चुनखडी लागेल पाव मोल, म्हणजे २५ ग्रॅम.

एका एकराला २५ ग्रॅम चुनखडी! चहाच्या डब्यातल्या दोन-तीन चमच्यांएवढी. नानांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला परत फोन केला नसता. आकडेमोड तपासली, ती बरोबर होती. चुकला होता तो 'आम्ल' या शब्दाचा मी धरलेला अर्थ.

तुमच्यापैकी बरेच जण नेट, सेट किंवा विद्यापीठाच्या पेटची तयारी करताय. आम्ल-आम्लारी हा धडा आपण 'सोपा आहे' म्हणून सोडून देतो. आज तोच धडा नानांच्या शेतातून पुन्हा वाचूया. एकच प्रश्न शेवटपर्यंत सोबत ठेवा: हे नाव कोणी, कोणत्या व्याख्येनुसार दिलंय?

आधी नावांचे नियम, थोडक्यात

नियम ऋणायनावरून लक्षात ठेवा, सोपं जातं.

ऋणायनाचं नाव 'आइड'ने संपत असेल तर आम्ल 'हायड्रो...इक'. क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक, सल्फाइडचं हायड्रोसल्फ्युरिक. हे नाव पाण्यातल्या द्रावणाचं. तोच पदार्थ कोरडा वायू असेल तर हायड्रोजन क्लोराइड म्हणायचं.

ऋणायन 'एट'ने संपत असेल तर आम्ल 'इक', 'आइट'ने संपत असेल तर 'अस'. सल्फेटचं सल्फ्युरिक, सल्फाइटचं सल्फ्युरस. नायट्रेटचं नायट्रिक, नायट्राइटचं नायट्रस.

क्लोरीनसारखी चार आम्लं असतील तर दोन टोकांना उपसर्ग लागतात: हायपोक्लोरस, क्लोरस, क्लोरिक, परक्लोरिक. या क्रमाने क्लोरीनचा ऑक्सिडीकरण अंक +१, +३, +५, +७ असा वाढतो आणि आम्लाची ताकदही वाढत जाते. इथे नाव गुणधर्म सांगतं.

आम्लारीला बहुधा धातूचं नाव आणि पुढे हायड्रॉक्साइड. धातूचे ऑक्सिडीकरण अंक एकाहून जास्त असतील तर तो अंक सांगायचा: आयर्न (दोन) हायड्रॉक्साइड, आयर्न (तीन) हायड्रॉक्साइड. जुन्या पुस्तकांत हेच फेरस आणि फेरिक.

आता परीक्षेतले दोन सापळे. फॉस्फरस आम्लाच्या रेणूत तीन हायड्रोजन आहेत, पण आम्लारिधर्मता दोन. कारण एक हायड्रोजन थेट फॉस्फरसला जोडलेला असतो, तो सुटत नाही. बोरिक आम्लातही तीन हायड्रोजन, पण ते आपला एकही हायड्रोजन सोडत नाही. ते पाण्याकडून हायड्रॉक्साइड घेतं आणि पाण्याचा प्रोटॉन मोकळा होतो. म्हणून आम्लारिधर्मता एक, आणि आम्ल ल्युईसच्या व्याख्येचं. थोडक्यात, नाव नियमाने पाडता येतं. गुणधर्मासाठी रचना बघावी लागते.

नावात अडकलेली जुनी समजूत

आमच्या भागातल्या माणसाला नावं बदलण्याचं नवल नाही. मुरुंबदेवाचा डोंगर शिवाजी महाराजांनी राजगड केला, तोरण्याला प्रचंडगड म्हटलं. वेल्हे तालुकाही आता कागदोपत्री राजगड तालुका झालाय. रसायनशास्त्रात मात्र उलटं होतं: समजूत बदलते आणि जुनं नाव तसंच राहतं.

ऑक्सिजन हेच बघा. लाव्हाझिएच्या मते आम्लपणा या मूलद्रव्यामुळे येत होता, म्हणून ग्रीकमधून 'आम्ल घडवणारा' अशा अर्थाचं नाव त्याने दिलं. पुढे हंफ्री डेव्हीने १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्यच आहे असं मांडलं. मग मिठापासून मिळणाऱ्या आम्लात, म्हणजे आपल्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन उरलाच नाही. सिद्धांत पडला, नाव राहिलं. आपण मराठीत त्याला प्राणवायू म्हणतो, त्यामुळे ही चूक आपल्या भाषेत शिरली नाही.

पुढचा टप्पा स्वांते अऱ्हेनियसचा. पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतं ती आम्लारी. आयनांच्या कल्पनेवरचा त्याचा १८८४ चा प्रबंध उप्साला विद्यापीठात जेमतेम श्रेणीवर पास झाला आणि १९०३ मध्ये त्याच कामासाठी नोबेल मिळालं. (गाईडने ड्राफ्ट लाल करून परत दिला की मी हे आठवते.)

१९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे सांगितलं: प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो ती आम्लारी. त्याच वर्षी ल्युईसने इलेक्ट्रॉनच्या जोडीवरून व्याख्या मांडली: जोडी घेतो तो आम्ल, देतो ती आम्लारी. म्हणजे 'आम्ल' ही पदार्थाची जात नाही, ती त्या अभिक्रियेतली भूमिका आहे. पाणी अमोनियासमोर आम्ल असतं आणि हायड्रोजन क्लोराइडसमोर आम्लारी.

आता शेतात चला.

दगड 'बेसिक' कसा?

भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुके दख्खनच्या बेसाल्टवर बसलेत. राजगड, तोरणा, रोहिडा, सगळे याच काळ्या पाषाणाचे. भूशास्त्राचं इंग्रजी पुस्तक उघडलंत तर बेसाल्ट हा 'बेसिक' खडक आणि ग्रॅनाइट 'अॅसिडिक' खडक असं सापडेल. याचा सामूशी काहीही संबंध नाही. सिलिका हे सिलिसिक आम्लाचं रूप आहे अशी जुनी समजूत होती, म्हणून सिलिका जास्त तो 'अॅसिडिक' आणि कमी तो 'बेसिक'. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के.

मराठी परिभाषा इथे जास्त प्रामाणिक आहे. बेसिक खडकाला मराठीत 'अल्पसिकत' म्हणतात, म्हणजे सिकता कमी असलेला. नुसतं नाव वाचून कळतं की गोष्ट सिलिकेची आहे. पुढच्या वेळी 'मराठीत विज्ञान कसं होणार' असं कोणी म्हणालं तर हा शब्द सांगा.

मग माती आम्ल का?

स्वच्छ पावसाचं पाणीसुद्धा उदासीन नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, थोडं कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि सामू ५.६ च्या आसपास येतो. सह्याद्रीच्या कुशीत हा पाऊस चार महिने कोसळतो. बेसाल्टमधून सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम धुऊन ओढ्याला जातात. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. लोहामुळे माती तांबूस दिसते.

याच पुणे जिल्ह्यात पूर्वेला बारामती-इंदापूरकडे जा. खडक तोच, पण पाऊस कमी. तिथे कॅल्शियम धुपून गेला नाही, म्हणून काळ्या मातीत चुनखडी सापडते आणि सामू आठच्या आसपास असतो. मातीचा सामू नुसत्या दगडावर ठरत नाही. पाण्याने काय नेलं आणि काय ठेवलं, हे त्यात फार मोठं.

इथे नावाचा आणखी एक घोळ आहे. मृदाशास्त्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे धनायनांना 'बेस' म्हणायची जुनी पद्धत आहे. 'बेस सॅच्युरेशन' हा शब्द तिथूनच आला. पण कॅल्शियम आयन प्रोटॉन घेत नाही. तो ब्रॉन्स्टेडची आम्लारी नाही आणि ल्युईसचीही नाही. तो मातीच्या कणावरची जागा अडवून बसतो, एवढंच. तो उठला की ती जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम घेतात.

आणि खरा आम्ल इथे लपलाय. ॲल्युमिनियमच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. आयनावर तीन धन प्रभार. तो पाण्यातल्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, पाण्याचा हायड्रोजन सैल होतो आणि सुटतो. याचा पीके मूल्यांक साधारण ५ आहे. व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाचा ४.७६. म्हणजे ज्याच्या नावात 'आम्ल' हा शब्दच नाही, असा आयन जवळजवळ व्हिनेगरच्या तोडीचं आम्ल आहे. ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण आम्लधर्मी का असतं, याचं उत्तरही हेच.

आता माझे २५ ग्रॅम आठवा. मी फक्त पाण्यात मोकळे असलेले हायड्रोजन आयन मोजले होते. मातीच्या कणांना धरून बसलेलं ॲल्युमिनियम आणि हायड्रोजन, म्हणजे राखीव आम्लता, हिशेबात घेतलीच नव्हती. मोकळे आयन उदासीन केले की राखीव साठ्यातून नवे सुटतात. हा साठा मोकळ्या आयनांच्या हजारो पट असू शकतो, म्हणून प्रत्यक्षात चुना ग्रॅममध्ये नाही, क्विंटल-टनात लागतो. सामू सांगतो आम्लता किती *तीव्र*. ती किती *साठलीय* हे सांगत नाही. साठा मोजायला वेगळी चाचणी लागते. माती एका बफर द्रावणात ढवळून त्याचा सामू किती उतरतो ते बघतात. शूमेकर, मॅकलीन आणि प्रॅट यांची १९६१ ची पद्धत यासाठीच आहे.

राब: ज्याच्या सूत्रात हायड्रॉक्साइड नाही अशी आम्लारी

उन्हाळ्यात आमच्याकडे राब भाजतात. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवायचं. तण मरतं आणि राख राहते.

राखेत मुख्यतः कॅल्शियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट असतात. अऱ्हेनियसला विचाराल तर यांत हायड्रॉक्साइडच नाही, मग आम्लारी कशी? ब्रॉन्स्टेडला विचारा. कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो, बायकार्बोनेट होतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. आम्ल मातीच्या त्या तुकड्याला राख थोडी उदासीन करते आणि पालाशही देते. गंमत म्हणजे 'अल्कली' हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ वनस्पतीची राख असाच आहे. आमच्या आज्या राखेने भांडी घासायच्या. तेलकटपणा निघायचा तो याच गुणधर्मामुळे.

खाचरात पाणी भरलं की

हा भाग नीट वाचा, कारण संशोधनातली माझी मोठी चूक इथे झाली.

त्याच पावसाळ्यात गावी गेले तेव्हा मी छोटा सामूमापक सोबत नेला. चार आणि सातच्या बफरने नीट जुळवून घेतला. चिखलणी होऊन महिना उलटून गेलेल्या खाचरात इलेक्ट्रोड घातला. साडेसहाच्या वर! मी मीटरवर शंका घेतली, पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. तोच चिखल पिशवीत भरून पुण्याला आणला, वाळवला, दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळला, एकास अडीच प्रमाणात पाणी घालून मोजला. सामू पुन्हा साडेपाचच्या आसपास. मी नमुना खराब झाला असं वहीत लिहून टाकलं. तो खराब नव्हता.

पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन जिवाणू लवकर संपवतात. मग श्वसनासाठी ते आयर्न (तीन) हायड्रॉक्साइडला इलेक्ट्रॉन देतात. लोहाचा एक अणू एक इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा त्याच्यासोबत तीन हायड्रोजन आयनही खर्च होतात. तयार होतो आयर्न (दोन) आयन आणि पाण्याचे तीन रेणू. हायड्रोजन आयन कमी, म्हणून सामू वर. फेलिक्स पोनामपेरुमा या श्रीलंकेच्या शास्त्रज्ञाने पाण्याखालच्या मातीचं हे रसायन १९७२ च्या आपल्या विस्तृत लेखात मांडलंय. आम्ल मातीचा सामू वर येतो, अल्कधर्मी मातीचा खाली येतो, आणि काही आठवड्यांत बहुतेक दोन्ही सातच्या जवळ येतात. लोह किंवा सेंद्रिय कर्ब फार कमी असेल तर एवढा बदल होत नाही.

कापणीआधी पाणी काढलं, हवा शिरली की लोह पुन्हा ऑक्सिडीकृत होतं आणि हायड्रोजन आयन परत सुटतात. माझ्या पिशवीत वाळताना हेच झालं होतं. म्हणजे पत्रिकेवरचा ५.६ खोटा नाही, पण तो कोरड्या मातीचा आहे. भाताची मुळं मात्र पावसाळाभर वेगळ्याच रसायनात उभी असतात.

नानांना काय सांगितलं

भाताच्या खाचरासाठी चुन्याची घाई नको. पाणी तुमचं काम फुकटात करतंय. भात काढल्यावर हरभरा, मसूर घेता तेव्हा मात्र माती पुन्हा आम्ल झालेली असते, आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना ते सहसा मानवत नाही. त्या पिकासाठी चुन्याचा विचार करू, पण बफरची चाचणी करून. साधारण ५.५ च्या खाली ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांना त्रास देतं. तुम्ही त्या उंबरठ्याच्या जरा वर आहात.

मग मी विचारलं, "नाना, चुना म्हणजे कोणता?" ते म्हणाले, "आता चुना म्हंजी चुना." नाही ना! चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड आणि विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. १०० किलो चुनखडी जेवढं आम्ल उदासीन करते, तेवढ्याला कळीचा चुना ५६ किलो आणि विरलेला ७४ किलो पुरतो. एकाच नावाखाली जवळजवळ दुपटीचा फरक, शिवाय कळीचा चुना हात भाजतो. आणि कोणताही चुना अमोनियम सल्फेटसोबत मिसळायचा नाही; आम्लारीने अमोनियम आयनाचा प्रोटॉन घेतला की अमोनिया होऊन नत्र हवेत जातं. खताचे पैसे गेले.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी आधी इचारायचं, मग टाकायचं."

तुमच्यासाठी

नानांनी एका वाक्यात सांगितलं, मी चार प्रश्नांत सांगते. अभ्यासात किंवा प्रयोगशाळेत 'आम्ल', 'आम्लारी', 'बेसिक' असा शब्द दिसला की वहीच्या समासात लिहा:

१. ही कोणाची व्याख्या? अऱ्हेनियस, ब्रॉन्स्टेड, ल्युईस, की भूशास्त्र-मृदाशास्त्रातला जुना वापर?

२. मोजलंय काय, तीव्रता की साठा? सामू लॉगरिदमचं माप आहे. एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट. पण तो साठा सांगत नाही.

३. नमुना मोजताना तो ज्या अवस्थेत होता, त्याच अवस्थेबद्दल तुम्ही निष्कर्ष काढताय का?

४. शब्द कोणत्या भाषेतला? हिंदी पुस्तकं वाचणाऱ्यांनी विशेष जपा. आपल्या पाठ्यपुस्तकात 'क्षार' म्हणजे सॉल्ट. हिंदीत 'क्षार' म्हणजे अल्कली आणि सॉल्टला 'लवण'. एका शब्दावर मार्क जातात.

माझ्या वहीत अजून ते पान आहे, 'नमुना खराब' असं लिहिलेलं. ते मी खोडलं नाही, खाली तारीख घालून खरं कारण लिहिलं. तुमच्याही वहीत असं एखादं पान असेल. या वेळी मीटरवर संशय घेण्याआधी शब्दावर घेऊन बघा.